आयर्विनचा आकडा, आपला उंबरा: कृष्णा-पंचगंगेच्या पूरपट्ट्यात घराची तयारी

पावसाळ्यात सांगलीत सकाळी पहिला प्रश्न असतो, "आयर्विनला किती?" कोल्हापुरात तोच प्रश्न "राजारामला किती?" असा विचारतात. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ आणि धोका पातळी ४३ फूट. हे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. पण ते नदीचे आकडे आहेत, तुमच्या घराचे नाहीत. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रस्ता, कोल्हापूरचा सुतारवाडा या भागांत धोका पातळी गाठायच्या आधीच पाणी दारात येते, तर गावठाणातल्या उंचावरच्या घराला धोका पातळी ओलांडल्यावरही दोन दिवस काही होत नाही. घराची तयारी सुरू होते ती आपला स्वतःचा आकडा काढण्यापासून. मेणबत्त्या आणि बिस्किटे नंतरची.

२०१९ च्या पुरात लोक फसले ते बहुतेक याच ठिकाणी. "२००५ ला या पायरीपर्यंत आलं होतं, त्याच्या वर येत नाही" असे म्हणून लोक घरात थांबले. त्या ऑगस्टमध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांवर गेले, म्हणजे २००५ च्या खुणेपेक्षा तीन फुटांहून अधिक वर. २०२१ च्या जुलैत सांगलीत ते सुमारे ५५ फुटांवर थांबले, पण कोल्हापुरात राजारामला २०१९ चाही आकडा मागे पडला. मागचा पूर ही कमाल मर्यादा नव्हे, ती फक्त मोजमापाची एक खूण आहे.

आपला आकडा कसा काढायचा

हे काम मे महिन्यात करायचे. भिंतीवर जुन्या पुराचा डाग असेल तर तो जमिनीपासून किती उंच आहे ते टेपने मोजा. रंग दिल्याने डाग गेला असेल तर शेजारच्या घरावर, देवळाच्या खांबावर किंवा विजेच्या खांबावर तो सापडतोच. तिथून आपल्या उंबऱ्यापर्यंत उंची आणायला गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल नळी पुरते. नळीत पाणी भरा, हवेचे बुडबुडे काढून टाका, एक टोक डागापाशी आणि दुसरे आपल्या भिंतीला धरा. दोन्हीकडचे पाणी एका पातळीत येते. बुडबुडा राहिला तर दोन-चार इंचांची चूक सहज होते, तेव्हा दोनदा मोजा.

आता वजाबाकी. समजा, २०२१ चा डाग तुमच्या फरशीपासून अडीच फूट वर आहे. त्या वर्षी आयर्विनची कमाल पातळी ५५ धरली तर तुमची फरशी साधारण साडेबावन्न फुटांवर बुडायला लागते. हा झाला उंबऱ्याचा आकडा. पण खरा महत्त्वाचा आकडा रस्त्याचा. घरापासून सुरक्षित भागापर्यंत जाताना वाटेत सर्वांत सखल जागा कोणती? बहुतेक वेळा तो एखादा ओढा, मोरी किंवा नाल्यावरचा चढउतार असतो. ती जागा ४७ फुटांवर बुडत असेल, तर घर कोरडे असूनही ४७ ला तुम्ही बेटावर अडकता. २०१९ ला बोटींची वाट बघणाऱ्या अनेकांच्या घरात पहिल्या दिवशी पाणी शिरलेलेच नव्हते.

रस्त्याच्या आकड्यातून तीन फूट वजा करा. हा निघायचा आकडा. पाणी तासाला दोन इंचांनी चढत असेल तर तीन फुटांना अठरा तास लागतात. त्यातली रात्र वगळली की हातात उरतो तो एकच दिवसाउजेड. रात्री निघायची वेळ येईल असा हिशेब कधीच करू नका. त्या वेळी महावितरणने रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) बंद केलेले असते, रस्त्यावरचे उघडे चेंबर दिसत नाहीत आणि मदतीला माणूस मिळत नाही.

ही वजाबाकी पुलापासून फार लांब चालत नाही, कारण नदीला उतार असतो. पूर नियंत्रण कक्षाच्या रोजच्या पत्रकात कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी, आयर्विन, अंकली, म्हैसाळ अशी पातळ्यांची रांग असते. त्यातला तुमच्या सर्वांत जवळचा पूल धरा, आणि वरच्या बाजूच्या एका पुलावर धोक्याची घंटा म्हणून लक्ष ठेवा. शिरोळ तालुक्यात आणखी एक गुंता आहे. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबते. राजारामला पाणी उतरल्याची बातमी आली तरी कुरुंदवाडच्या बाजूला ते चढत राहू शकते. तिथे दोन्ही नद्यांचे आकडे बघितल्याशिवाय सुटकेचा नि:श्वास टाकू नये.

काढलेले तिन्ही आकडे, म्हणजे निघायचा, रस्त्याचा आणि उंबऱ्याचा, मीटरच्या पेटीशेजारी ऑइलपेंटने लिहून ठेवा. वाद घालायला मग जागा उरत नाही. आकडा आला की निघायचे, मग आजोबा काहीही म्हणोत.

एक अपवाद. डायलिसिस चालू असलेला रुग्ण, नववा महिना लागलेली बाई, ऑक्सिजन यंत्रावर असलेले किंवा अंथरुणाला खिळलेले माणूस घरात असेल तर त्यांना हा हिशेब लागू नाही. इशारा पातळी जाहीर झाली की त्यांना नातेवाइकांकडे किंवा रुग्णालयाजवळ हलवायचे. डायलिसिसचे दिवस ठरलेले असतात, आणि २०१९ ला पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद होता, हे विसरू नका.

मे महिन्यातली घरातली कामे

सर्वांत आधी वीज. तळमजल्यावरचे प्लग फरशीपासून दीड फुटावर असतात. नवे वायरिंग करत असाल तर ते साडेचार-पाच फुटांवर घ्या आणि तळमजल्याचा एमसीबी (वीज तोडणारा सुरक्षा स्विच) वेगळा ठेवा, म्हणजे खालचे बंद करून वरचा मजला चालू ठेवता येतो. इन्व्हर्टर पहिल्या मजल्यावर किंवा माळ्यावरच बसवा. मेन स्विच बंद केला म्हणजे घर निर्धोक झाले असे लोक समजतात आणि इथेच घात होतो: मेन बंद झाल्याबरोबर इन्व्हर्टर चालू होतो आणि भिंतीतल्या वायरींत प्रवाह सुरूच राहतो. म्हणून मेन, मग इन्व्हर्टरचा स्विच, मग बॅटरीची काळी वायर आणि शेवटी लाल वायर, हा क्रम. बॅटरी पन्नास-साठ किलोंची असते आणि आत आम्ल असते. ऐन वेळी एकट्याने जिन्यावरून नेऊ नका. छतावर सोलर असेल तर दिवसा पॅनेलकडून येणारी वीज चालूच असते. तिचा वेगळा स्विच कुठे आहे ते बसवणाऱ्याकडून आताच बघून घ्या.

नदीकाठच्या मोटारी शेतकरी काढतातच. घरच्या हौदाची मोटार आणि बोअरचा स्टार्टर मात्र विसरतात.

कागदपत्रांचे दोन भाग करा. आधार, रेशनकार्ड, सातबारा, आठ अ, पासबुक हे पुन्हा मिळते. सातबारा तर डिजिटल सहीचा ऑनलाइन निघतो. त्यांचे फोटो काढून डिजीलॉकरमध्ये किंवा बाहेरगावच्या नातेवाइकाकडे पाठवले की पुरे. पुन्हा मिळायला नाकी नऊ येतात ते जुने खरेदीखत, मृत्युपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, मूळ पदवी, सोनेतारणाच्या पावत्या यांचे. हे मूळ कागद दोन झिपच्या पिशव्यांत, एकीत एक घालून, घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवा. लॅमिनेशन करू नका. काही कार्यालयांत तसा मूळ दस्त तपासायला घेत नाहीत, शिवाय कडेने पाणी शिरले की कागद आतल्या आत कुजतो.

घर आणि सामानाचा विमा घेताना त्यात पूर अंतर्भूत आहे का ते वाचा. गाडीच्या साध्या पॉलिसीत पाण्यामुळे इंजिन बिघडले तर भरपाईवरून वाद होतात, त्यासाठी इंजिनाचे वेगळे संरक्षण मिळते. पाऊस सुरू झाल्यावर विमा घ्यायला धावू नका.

साठा किती

पुरात पाण्याचाच दुष्काळ पडतो. कोल्हापुरात २०१९ आणि २०२१ ला पाणी उपसा केंद्रेच बुडाली, त्यामुळे पूर न आलेल्या पेठांतही नळ कोरडे होते. म्हणून हा साठा उंचावर राहणाऱ्यांनीही करायचा.

पाच माणसांचे घर धरू. पिणे आणि स्वयंपाक मिळून माणशी पाच लिटर, म्हणजे सात दिवसांना १७५ लिटर. वीस लिटरचे नऊ कॅन झाकणासह भरून वरच्या मजल्यावर ठेवा. बाकीच्या वापरासाठी माणशी पंधरा लिटर, म्हणजे सव्वापाचशे लिटर. हजार लिटरची छतावरची टाकी भरलेली असली तर हे भागते, पण तिचा खालचा व्हॉल्व बंद केला तरच. एरवी दोन दिवसांत फ्लश आणि आंघोळीत टाकी रिकामी होते. जमिनीवर ठेवलेली प्लास्टिकची टाकीही भरूनच ठेवा. रिकामी टाकी पाण्यावर तरंगते आणि नळ-पाइप मोडून वाहून जाते.

संशयास्पद पाणी कापडातून गाळून उकळायचे, खळखळ उकळी आल्यावर पाच मिनिटे ठेवायचे. इंधन वाचवायचे असेल तर क्लोरीनच्या गोळ्या वापरा. गोळी किती लिटरसाठी आहे ते पाकिटावर बघा, कारण गोळ्या वेगवेगळ्या ताकदीच्या येतात. टाकून अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्ची पडतो आणि जंतू जिवंत राहतात, म्हणून आधी निवळू द्या.

खाण्यात न शिजवता चालणारे आधी भरा. या बाबतीत आपला मुलूख नशीबवान. भडंग, शेंगदाण्याचे लाडू, भाजके चणे, गूळ, मेतकूट, पातळ पोहे, दूध पावडर. भडंग आठ दिवस सहज टिकते आणि वजनाला हलके असते, पण मीठ-तिखटाने तहान वाढते, त्यामुळे फक्त त्याच्यावर भिस्त नको. गॅस असेपर्यंत शिजवायला सात दिवसांसाठी तांदूळ-पीठ मिळून चौदा किलो, दोन किलो डाळ, दीड किलो तेल पुरते. धान्याचे पोते खालून एक इंच भिजले तरी दोन दिवसांत वरपर्यंत आंबते, म्हणून पोती फळीवर नव्हे, माळ्यावर.

औषधे पंधरा दिवसांची. इन्सुलिन वीज गेल्यावर ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या माठात, डबीत बंद करून ठेवता येते. थेट बर्फाला लावू नका, गोठलेले इन्सुलिन फेकावे लागते. ओआरएसची दहा पाकिटे ठेवा, एक पाकीट एक लिटर पाण्यात. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

रोख पाच-सहा हजार, आणि ते पन्नास-शंभराच्या नोटांत. टॉवर बंद पडला की यूपीआय बंद, आणि पाचशेचे सुटे कोणी देत नाही. सेलवर चालणारा रेडिओ, दोन टॉर्च, भरलेली पॉवर बँक, शिट्टी आणि नंबर लिहिलेला कागद. ११२, १०८ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे लक्षात राहतात. मोबाइल बंद पडल्यावर मावशीचा नंबर मात्र आठवत नाही.

पाणी चढू लागले

इशारा पातळीला गाड्या आधी हलवा. सगळे एकाच वेळी निघाले की उंच मैदानांवर जागा राहत नाही. मग जनावरे. लोक मागे राहतात ते बहुतेक गोठ्यासाठी, आणि चुकीचे म्हणता येत नाही, दुभती म्हैस हेच त्यांचे बँक खाते असते. म्हणून तिची सोय माणसांच्या आधी लागली पाहिजे. प्रयाग चिखली आणि आंबेवाडीचे लोक जनावरांसह सोनतळीला जातात, तशी तुमची जागा कोणती ते आधी ठरवा. मोठ्या जनावराला दिवसाला पाच-सहा किलो कडबा आणि तीस-चाळीस लिटर पाणी लागते. छावणीत चारा मिळतो, पण पहिले दोन दिवस स्वतःचा लागतो. कानातल्या बिल्ल्याचे नंबर लिहून घ्या. काहीच जमले नाही तर दावे कापून सोडा. सुटे जनावर पोहते, बांधलेले मरते.

घरात हलवायचा क्रम: हलके आणि महाग ते आधी, जड आणि स्वस्त ते शेवटी. दागिने, कागद, औषधे, लॅपटॉप, मिक्सर, शिलाई यंत्राची मोटर, धान्य, गाद्या. सोफ्याशी झटत बसू नका. फ्रिज वर नेता आला नाही तर रिकामा करा आणि खिडकीच्या गजांना दोरीने बांधा. फ्रिज तरंगतो, आडवा होतो आणि दार आतून अडवतो, मग परतल्यावर दार तोडावे लागते. लाकडी कपाटाचे खण बाहेर काढून ठेवा, फुगल्यावर ते निघत नाहीत.

गॅसची टाकी भरलेली असली तरी तरंगते. तिच्यात १४.२ किलो गॅस, लोखंड धरून एकूण तीसेक किलो वजन, आणि ती हटवते त्याहून जास्त पाणी. रेग्युलेटर बंद करून काढा, वर टोपी बसवा, टाकी उभी ठेवून खिडकीला बांधा किंवा वर न्या. रेग्युलेटरसकट सोडलेली टाकी आपटत फिरते आणि नळी उपटली जाते.

संडासाच्या भांड्यातून आणि नहाणीच्या जाळीतून घाण पाणी दाराच्या आधी वर येते. प्लास्टिक पिशवीत वाळू भरून ती भांड्यात घट्ट बसवा, जाळीवर फडके, प्लास्टिक आणि वर दगड. सेप्टिक टाकी पुराच्या तोंडावर उपसू नका. रिकामी टाकी भोवतालच्या पाण्याच्या दाबाने उचलली जाते किंवा फुटते.

निघताना वीज, गॅस, टाकीचा व्हॉल्व, कुलूप. कोण कुठे गेले ते खडूने दारावर न लिहिता शेजाऱ्याला आणि बाहेरगावच्या एका नातेवाइकाला कळवा. वाहत्या पाण्यात पाऊल घालू नका: घोट्याच्या थोडे वर, सहा इंच वेगवान पाणीही माणसाला पाडते आणि दोन फुटांत मोटारगाडी तरंगते. बोटीत जायचे तर लाइफ जॅकेट मागा. बोट भरली असेल तर पुढचीची वाट बघा. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला बोट उलटली, तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती.

हे सगळे वेळापत्रक घाटावरच्या नद्यांचे आहे, जिथे पाणी दिवसांच्या हिशेबाने चढते. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने काही तासांत शहर बुडवले. उतार तीव्र, वर घाटात धो धो पाऊस, खाली भरती. तिथे आकड्यांची वाट बघायला वेळ नसतो. कागद आणि औषधांची पिशवी जूनपासून वरच्या मजल्यावरच राहिली पाहिजे, आणि एकमजली घरांनी कोणाच्या माडीवर जायचे ते ठरलेले असले पाहिजे.

पाणी उतरल्यावर

घाई नको. मातीच्या भिंती पाण्यात उभ्या राहतात आणि ऊन पडल्यावर कोसळतात, कारण बाहेरचा आधार देणारे पाणी गेलेले असते आणि भिंत आतून चिखल झालेली असते. कडेला भेगा, फुगलेला पाया किंवा चौकट वाकडी दिसली तर आत झोपू नका. दार काठीने उघडा. नाग, मण्यार, घोणस कोरड्या जागेच्या शोधात कपाटात, गाद्यांत, चपलांत बसलेले असतात. दंश झाला तर कापू-चोखू नका, करकचून बांधू नका. तो अवयव हलू न देता सरळ रुग्णालय.

काही हात लावण्याआधी फोटो काढा: घराबाहेरचा डाग, प्रत्येक खोली, प्रत्येक खराब वस्तू, उपकरणांवरचे नंबर. पंचनामा होईपर्यंत सामान फेकायचेच असेल तर ढीग करून त्याचा फोटो घ्या. बुडालेली गाडी सुरू करायचा प्रयत्न करू नका. इंजिनात पाणी असेल तर किल्ली फिरवताच आतला दांडा वाकतो, आणि दुरुस्तीचा खर्च तिथे होतो.

गाळ ओला असतानाच खरवडा. वाळला की सिमेंटसारखा बसतो. आतल्या खोलीतून दाराकडे, पाणी मारत. नंतर जंतुनाशक: ३३ टक्के क्लोरीनची ताजी ब्लीचिंग पावडर लिटरला ३० ग्रॅम, फरशीवर टाकून वीस मिनिटांनी धुवा. हे करताना संडासाचे आम्ल किंवा फिनेल त्यात मिसळू नका, आम्लाबरोबर विषारी वायू सुटतो. हौद घासून, हजार लिटरला सुमारे दीडशे ग्रॅम पावडर टाकून बारा तास ठेवा, ते पाणी सोडून द्या आणि मग पिण्याचे भरा. रोजच्या शुद्धीकरणाला हजार लिटरला पाच ग्रॅम पुरतात. विहिरीचे मात्र ग्रामपंचायतीकडून करून घ्या.

पुराच्या पाण्यातून चाललात, पायाला जखम आहे, तर लेप्टोचा (उंदीर-जनावरांच्या लघवीतून पाण्यात येणाऱ्या जंतूंच्या तापाचा) धोका आहे. ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवून प्रतिबंधक गोळी घ्यायची का ते विचारा. ती गर्भवतींना आणि लहान मुलांना वेगळी असते. ताप, अंगदुखी, लाल डोळे दिसले तर आठवडाभर वाट बघू नका.

वायरिंग वायरमनने तपासल्याशिवाय मेन चालू नाही. फॅन आणि मोटार बाहेरून कोरड्या दिसल्या तरी आतल्या वेटोळ्यांत ओल राहते, म्हणून लावण्याआधी मेगरने (वेटोळ्यातून वीज गळते का ते मोजणाऱ्या यंत्राने) तपासून घ्या.

आणि रंगारी यायच्या आधी, नव्या डागाची उंची मोजून तारखेसह मीटरपेटीशेजारी लिहा, जवळच्या पुलाची त्या वेळची कमाल पातळी शेजारी. डाग मागच्यापेक्षा वर असेल तर तिन्ही आकडे खोडून नवे काढा.